चुकून आलेले भजन

ज्याच्याकडे अर्ज करावा त्याने निदान पोच तरी द्यावी, अशी माझी साधी धारणा आहे. जुन्नरला तहसील कचेरीच्या आवाराबाहेर पत्र्याच्या छपराखाली टेबल मांडून मी अर्जनवीस म्हणून बसतो. वारसनोंद, बांधाचा वाद, अडवलेला रस्ता, हरवलेले रेशनकार्ड, अशी लोकांच्या तोंडची विस्कळीत दुःखे मी ‘महोदय’ या शब्दापासून ‘आपला विश्वासू’ या शब्दांपर्यंत नीट बसवून देतो. माझे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले, हे मी नाकारीत नाही. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेतील उणिवेमुळे परत आला, असे सहसा घडलेले नाही, आणि कचेरीतील लिपिक माझे अक्षर पाहिल्याबरोबर ओळखतात, हेही नमूद केले पाहिजे. असा मनुष्य देवाकडे काही मागू लागला तर तेही शिस्तीनेच मागणार. मी तसे मागितले होते. बहिणीच्या आजारपणात रोज सकाळी गावच्या मारुतीसमोर उभा राहून मी माझे म्हणणे क्रमाने मांडीत असे. पहिली विनंती, तिचे आयुष्य वाढावे. ते शक्य नसल्यास दुसरी विनंती, तिच्या वेदना थांबाव्यात. आणि तिसरी, तिला शांत झोप लागावी. यांतील एकाही विनंतीचे उत्तर येत नव्हते. देव ऐकत नाही, की ऐकण्यासाठी तेथे कोणी नाहीच, असा संशय माझ्यासारख्या नित्य पूजा करणाऱ्या माणसाच्या मनातही त्या दिवसांत घर करून राहिला होता.

माझ्या थोरल्या बहिणीला सारा मळा आक्का म्हणे. आमची आई मी चालायला लागण्याच्या सुमारास वारली. आक्काचे लग्न पेठला झाले होते. मूलबाळ होण्याआधीच तिचे यजमान गेले आणि ती परत आमच्याकडे आली. आली ती मला वाढवण्यासाठीच आली, असे मी आज म्हणतो. त्या काळी मात्र ती असणे मला सूर्य उगवण्याइतके गृहीत होते. ओतूरच्या अलीकडे आमचा मळा आहे, ऊस आणि कांदा. त्यात तिने जन्म घालवला. कधी हात रिकामा नाही, कधी पाठ टेकलेली नाही. विसाव्याची तिची जागा एकच, गावचा हरिनाम सप्ताह. कीर्तन सुरू झाले, टाळ-मृदंग घुमू लागला, की आक्का मंडपाच्या खांबाला टेकून बसे आणि बुवांचे निरूपण रंगायच्या आत गाढ झोपी जाई. बायका तिची थट्टा करीत, की आक्का देवाच्या दारी झोपायला येते. त्यावर ती म्हणे, “मंग काय झालं? हितं मला कुनी उठवत न्हाई.” मला त्या काळी तिचे हे वागणे कमीपणाचे वाटे. मंडपात पुढच्या रांगेत माझी बसण्याची जागा ठरलेली असे आणि मागून तिचे घोरणे ऐकू येई.

मागील वर्षी तिच्या पोटात दुखू लागले. ओतूरला दाखवले, नारायणगावला दाखवले, शेवटी पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून समजावले. ते म्हणाले की आता करण्यासारखे काही राहिलेले नाही, घरी न्या, दुखले तर हे औषध द्या आणि त्यांना विश्रांती मिळू द्या. बाकीचे सारे शब्द माझ्या हातातून निसटले, फक्त विश्रांती हा शब्द मी धरून ठेवला. मनुष्य बुडताना जे हाताला लागेल ते धरतो. या एका बाबतीत तरी मला काहीतरी करता येणार होते, आणि ते मी पूर्ण ताकदीने करायचे ठरवले.

घरी येताच मी जाड पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले की रुग्णास संपूर्ण विश्रांतीची आवश्यकता असून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी शांतता राखावी, आणि तो पुठ्ठा फाटकावर टांगला. टीव्ही बंद केला. देवघरातली घंटा काढून फडताळात ठेवली. फाटकाची कडी वाजू नये म्हणून तिला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. गळ्यात घुंगरू असलेली शेळी शेजाऱ्यांकडे पाठवली. कुकरची शिट्टी नको म्हणून पत्नीला स्वयंपाक शेजारच्या तात्यांच्या घरी करायला लावला, त्यामुळे आमच्या घरातून धूरसुद्धा निघेनासा झाला. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना मी अंगणात सतरंजीवर बसवी, आत एकेकालाच सोडी आणि बोलू देत नसे. आमच्या भागात बिबट्याचा वावर असल्यामुळे उसातून जाताना माणसे मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून चालतात. आमच्या घरावरून जाणाऱ्या पाऊलवाटेवर मी तेही बंद करायला लावले. तात्या थट्टेखोर माणूस. ते मला फाटकाशी गाठून हळू आवाजात म्हणाले, “रायटर, तुमच्या घरावरनं जाताना गानं बंद करायचं, म्हंजी बिबट्याच्या अर्जावर आमी सह्याच करून दिल्या म्हना की.” मी हसलो नाही. मला हसू येण्याचे ते दिवस नव्हते.

एवढे करूनही आक्काला झोप लागत नव्हती. औषधाने दुखणे काहीसे दबत होते, पण डोळे मिटत नव्हते. ती छताकडे पाहत पडून राही आणि थोड्या थोड्या वेळाने विचारी, “कोन हाय तितं?” मी जवळच बसलेलो असे. मी तिच्या हातावर हात ठेवी, पण बोलत नसे, कारण बोलण्याने तिला थकवा येईल अशी माझी समजूत होती. पत्नीने मला एकदा सुचवले, “अवो, त्यांच्याशी काय तरी बोलत बसा. घर लई गप झालंय.” मी तिला डॉक्टरांचे म्हणणे ऐकवले. त्यानंतर एका सकाळी आक्का स्वतःच बोलली. ती म्हणाली, “भाऊ, मला डोळा लावायचं भ्या वाटतं. डोळा लागला आन तशीच गेले, तर कुनाला कळायचं बी न्हाई. एकलीच जाईन.” मी तिला सांगितले की असे काही होणार नाही, मी आहे. पण मी ज्या आवाजात सांगितले तो आवाज मलाच पटला नाही. लोकांच्या भयाला मी आजवर योग्य शब्द देत आलो. माझ्या बहिणीच्या भयापुढे माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. मी उठून मारुतीकडे गेलो आणि इतर सर्व विनंत्या मागे घेऊन एकच मागितले, की तिचे भय जावे. देवळात कोणी नव्हते. पिंपळाची पाने हालत होती, इतकेच.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपार कलू लागलेली असताना, अंगणात नेहमीप्रमाणे सात-आठ माणसे बसली होती. आक्काच्या सासरकडचे कोणी, आमचे भाऊबंद, तात्या. सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, माना खाली आणि कोणीही बोलत नाही. घरातून ना धूर, ना भांड्याचा आवाज. मी आत आक्कापाशी होतो. एक पिकअप गाडी फाटकाशी थांबल्याचे मला ऐकू आले. मला वाटले, आणखी कोणी भेटायला आले असेल. परंतु क्षणभरातच अंगणात पखवाजाच्या शाईवर बोटे फिरल्याचा आवाज झाला, टाळ खणाणले, आणि कोणीतरी कमावलेल्या, भरड, दूरवर जाणाऱ्या आवाजात भजनाची पहिली ओळ उचलली.

आमच्याकडील रीत वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. एखाद्या घरी मयत झाली आणि लेकीबाळी, मुलेबाळे मुंबईहून-पुण्याहून यायची वाट पाहायची असली, की शेजारच्या गावचे भजनी मंडळ येऊन अंगणात बसते. सगळे पोहोचेपर्यंत ते भजन म्हणतात आणि मग तसेच म्हणत स्मशानापर्यंत जातात. अशा घरी येणारा मनुष्य काही विचारीत नाही, रामराम करीत नाही, चहा घेत नाही. गुपचूप येतो, पादत्राणे काढतो, मोकळी जागा पाहून बसतो आणि सुरू करतो. आमच्या पुढल्या मळ्यात त्या दिवशी सकाळी एक म्हातारी वारली होती. तिच्यासाठी निघालेले हे मंडळ होते. वाटेत त्यांना आमचे अंगण दिसले. फाटक उघडे होते, त्यामुळे त्यावरचा माझा पुठ्ठा कुंपणाकडे वळलेला होता. त्यांनी पाहिले ते असे घर, की जेथे चूल पेटलेली नाही, माणसे टोप्या घालून खाली पाहत बसली आहेत आणि कोणी कोणाशी बोलत नाही. त्यांनी काही विचारले नाही, कारण विचारायचे नसते. आणि अंगणातल्या आमच्या माणसांनी त्यांना अडवले नाही. भजन सुरू झाल्यावर मध्येच तोडायचे नसते, हे एक. आणि माझ्या घरात बोलायचे नाही, हे दुसरे.

मी ताडकन बाहेर आलो. अशुभ म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने जिवंत बहिणीच्या उशाशी बसून तिचे मरणाचे भजन ऐकावे. माझ्या मनात त्या क्षणी त्या मंडळाविरुद्ध एक अत्यंत कडक मजकूर तयार होत होता. पण ओरडलो असतो तर आक्काने ऐकले असते. म्हणून मी ओठांवर बोट ठेवून, दुसऱ्या हाताने त्यांना थांबण्याची खूण करीत पुढे गेलो. घरातून एक मनुष्य लाल डोळ्यांनी, थरथरत, एक शब्द न बोलता हातवारे करीत बाहेर येतो, याचा अर्थ भजनी मंडळी जन्मभर एकच लावत आलेली आहेत. टाळ धरलेला एक वयस्कर गृहस्थ उठला. त्याने टाळ काखेत धरले, मला छातीशी ओढले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागला. त्याचा सदरा घामाने आणि गोठ्याच्या वासाने भरलेला होता. मी त्याला दूर सारण्यासाठी हात वर केले आणि माझ्याच्याने ते झाले नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझ्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता. मी प्रतिष्ठित मनुष्य आहे, मला चारचौघांत रडता येत नाही, असे मला वाटत असे. त्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोके ठेवून मी लहान मुलासारखा रडलो आणि भजन चालूच राहिले.

पत्नीने मागून येऊन माझा हात धरला. तिने सांगितले की आक्का बोलावते आहे. मी डोळे पुसून आत गेलो. आक्काचे डोळे उघडे होते आणि छताकडे नव्हे, दाराकडे लागलेले होते. तिची बोटे गोधडीवर हलकेच ठेका धरीत होती. ती म्हणाली,

“भाऊ, मी गेले का रं?”

मी तिच्या उशाशी गुडघे टेकले. “नाही गं आक्का. पुढच्या मळ्यात चालले होते ते. चुकून इथे बसले. मी आत्ता उठवतो त्यांना.”

मग तिच्या पोटावरची गोधडी हालू लागली. मी घाबरलो, आणि मग माझ्या लक्षात आले की ती हसते आहे. आवाज नव्हता, तेवढी शक्ती उरलेली नव्हती, पण हसू खरे होते. “उठवू नको,” ती म्हणाली. “म्हनू दे. ज्याच्यासाठी म्हनत्यात त्याला कदी ऐकाया मिळत न्हाई. मला मिळालं.” थोडे थांबून तिने विचारले, “असंच असतं व्हय? मला वाटलं व्हतं, तितं लई गप गप असंल.”

मी हे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. त्यांवर भाष्य करण्याची माझी पात्रता नाही. एवढेच सांगतो की माझ्या बहिणीला भय वाटत होते ते वेदनेचे नव्हते, शांततेचे होते, आणि ती शांतता मी माझ्या हातांनी घरभर अंथरली होती, प्रेमानेच अंथरली होती. आक्काने मान किंचित कलती केली, जशी ती मंडपातल्या खांबाला टेकवी तशी, आणि दुसरे भजन संपण्याच्या आत ती झोपी गेली. तिचे घोरणे टाळांच्या आवाजातूनही ऐकू येऊ लागले. त्या आवाजाची ज्याला एके काळी लाज वाटे, तो मी तो आवाज ऐकत हात जोडून बसलो.

बाहेर भजन थांबले तेव्हा मंडळाच्या बुवांनी तात्यांना हळूच विचारले की पाहुणे कुठवर आले, अजून किती वेळ लागेल. अशा घरी विचारण्याचा हा एवढाच एक प्रश्न असतो. तात्या म्हणाले, “कोन पावणं? बाई जिती हाय बुवा. आजारी हाय.” अंगणात जी शांतता पसरली ती माझ्या पुठ्ठ्यानेही कधी झाली नसेल. मी दाराशी आलो तर बुवा उभे होते. धनगरवाड्यावरचा, उंच, राकट मनुष्य. पूर्वी वडिलांबरोबर मेंढरे घेऊन हिंडलेला, आता बागायत करणारा. ते माझ्या पायांकडे वाकू लागले आणि म्हणाले, “भाऊ, लई मोठं पाप झालं आमच्याकडनं. काय शिक्षा द्यायची ती द्या.” माझा तो कडक मजकूर कोठे गेला, ते मला सांगता येणार नाही. मी त्यांना उठवले आणि सांगितले की बहीण झोपली आहे, कित्येक दिवसांनी झोपली आहे, आणि भजन असे थांबलेलेच राहिले तर ती जागी होईल. बुवांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. पुढल्या मळ्यात त्यांची वाट पाहत असलेले घर होते, तेथे जाणे त्यांना भाग होते. त्यांनी मागे वळून टाळकऱ्यांना खूण केली. मंडळींनी भजन पुन्हा उचलले, ती म्हणतच उठली, म्हणतच पिकअपमध्ये चढली, आणि गाडी चालवणाऱ्याने ती अगदी पायी चालल्यासारखी हाकली. उसाच्या कडेने तो आवाज हळूहळू लांब जात गेला, इतका हळू, की तो नक्की कोठे संपला हे आम्हांला समजले नाही. आक्का जागी झाली नाही.

दिवस मावळायच्या आत बुवा परत आले. स्मशानातून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय कोणाच्या घरी जायचे नसते, आजाऱ्याच्या घरी तर नाहीच. म्हणून मंडळी आमच्या विहिरीवर गेली, मोटर चालू करून पाइपाखाली उभी राहिली आणि ओल्या कपड्यांनीच अंगणात येऊन बसली. बुवांनी विचारले की बाईंना चालेल का. आक्का जागी होती. मी काही म्हणण्याच्या आत तिने आतून आवाज दिला, “मी हाय अजून. म्हना.” ओल्या अंगणात, ओल्या धोतरांत, त्या माणसांनी म्हटलेले भजन मी विसरणार नाही. त्यांना गळा नव्हता, सूर वर-खाली होत होता, एकाला सारखा खोकला येत होता. पण ते माझ्या बहिणीसाठी म्हणत होते आणि ती ऐकत होती.

त्यानंतर मंडळींपैकी कोणी ना कोणी येत राहिले. कधी दोघे, कधी नुसते बुवाच, कांद्याच्या शेतातून परतताना. मी देवघरातली घंटा परत लावली. शेळी परत आणली. पत्नीने चूल पेटवली, आणि कुकरची शिट्टी झाली की आक्का म्हणे, “भात झाला.” पाऊलवाटेने जाणारे लोक गाणी मोठ्याने लावू लागले. तात्यांनी तर आमच्या फाटकापाशी येताच आवाज मुद्दाम वाढवण्याचा नेम धरला. आक्काचे दुखणे कमी झाले नाही. पोटातली गाठ होती तेथेच होती. ती दिवसेंदिवस वाळत गेली, पाणीही उतरेनासे झाले. पण ‘कोन हाय तितं?’ हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

तिचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा बुवा आणि मंडळी घाटघरकडे एका सप्ताहाला गेलेली होती आणि त्यांचा फोन लागत नव्हता. तिचा श्वास बदललेला पत्नीने प्रथम ओळखला. श्वास येई, थांबे, पुन्हा येई. मी पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला. आक्काचे डोळे अर्धवट उघडे होते आणि तिची बोटे गोधडीवर काहीतरी शोधीत होती. पत्नी मला म्हणाली, “तुमी म्हना की.” मी जन्मात गायलो नव्हतो. सप्ताहात पुढच्या रांगेत बसून मी मान डोलावीत असे, टाळी देत असे, पण तोंड उघडीत नसे, कारण माझा आवाज फाटका आहे आणि लोकांत हसू होईल, याची मला जाणीव होती. जे मला येते ते तेथे उपयोगाचे नव्हते, आणि जे उपयोगाचे होते ते मला येत नव्हते. तरीही मी सुरुवात केली. एका भजनाची पहिली ओळ आठवली, दुसरी आठवली, तिसरीला शब्द संपले. मग मी नुसते नाम घेऊ लागलो. विठ्ठल, विठ्ठल, एवढेच, चुकीच्या सुरात, फाटक्या आवाजात. पत्नीने हातांनी ठेका धरला आणि तीही म्हणू लागली. वाटेवरून तात्या चालले होते, त्यांनी ऐकले, त्यांनी आपला मोबाइल बंद केला आणि आत येऊन उंबऱ्याशी बसून म्हणू लागले. त्यांच्या मागून त्यांच्या घरातली माणसे आली. आम्हांपैकी एकालाही गाता येत नव्हते. आक्काची बोटे थांबली होती, तिची मान कलली होती, आणि आम्ही म्हणत राहिलो.

ती नक्की केव्हा गेली, हे आम्हांला कळले नाही. तिला ज्याचे भय होते ते अगदी तसेच घडले. ती डोळे मिटून गेली आणि कोणाच्याही लक्षात आले नाही, कारण आम्ही सगळे तिच्याभोवती गात होतो. पत्नीने तिच्या नाकाशी हात धरून पाहिला तेव्हा मी थांबलो. खूप दिवस मी या क्षणाला कसे सामोरे जायचे याचा विचार केला होता. तो क्षण मला न दिसताच निघून गेला, आणि मी तिच्या पायांवर डोके ठेवले तेव्हा ते पाय अजून उबदार होते.

दुःख हलके झाले असे मी लिहिणार नाही. आजही कचेरीतून घरी येताना मी फाटकाशी थबकतो, कारण आतून ‘आला का रं भाऊ’ अशी हाक येत नाही. आई मला आठवत नाही, त्यामुळे मी पोरका झालो तो या वयात झालो. परंतु मारुतीसमोर उभे राहून मी जे जे मागितले त्याचा हिशेब मी मनाशी मांडून पाहिला आहे. आयुष्य वाढले नाही. वेदना थांबल्या नाहीत. झोप आणि भयापासून सुटका या दोन गोष्टी तिला मिळाल्या, पण त्या माझ्या शिस्तीतून मिळाल्या नाहीत. माझी सगळी व्यवस्था मोडून, रस्ता चुकलेल्या माणसांच्या हातून, ज्याला मी अशुभ म्हणालो त्या रूपाने मिळाल्या. त्या घटनेला योगायोग म्हणावे की कृपा, हे ठरवणे माझ्या अधिकारात नाही. देणाऱ्याने कोणत्या दाराने यावे हे मी आता त्याला सुचवीत नाही.

आक्का गेली त्या दिवशी दुपारनंतर बुवा आले. अखेर फोन लागून निरोप मिळताच सप्ताह अर्ध्यावर सोडून सगळे मंडळ निघाले होते. अंगणात माणसे टोप्या घालून, खाली पाहत बसली होती. बुवा फाटकाच्या आत आले आणि तेथेच उभे राहिले. रीत मोडून त्यांनी मला विचारले, “भाऊ, बसू का?” मी त्यांचा हात धरला आणि सांगितले, “बुवा, आक्काचं भजन तिनं ऐकून झालंय. आता आमच्यासाठी म्हणा.” मग त्यांनी पादत्राणे काढली, पखवाज पुढे घेतला आणि पहिली ओळ उचलली. मी पुढे जाऊन बसलो नाही. टाळकऱ्यांच्या मागे, आक्काच्या जवळ, जेथे जागा होती तेथे बसलो आणि ऐकत राहिलो. पुष्कळ दिवसांनी मला देवाकडे काही मागायचे नव्हते.